न हललेला गांधार

आमच्या घरात वाईट बातमी कधी एकटी येत नाही. तिच्या पुढे 'भिऊं नको' हे दोन शब्द चालत येतात. आजोबा गेले तेव्हा हेच, वडिलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हाही हेच. त्यामुळे त्या सकाळी पुण्यात कणीक मळता मळता फोन उचलला आणि तंजावूरहून मामींचा आवाज आला, "अगो, भिऊं नको…" तेव्हा पुढचं मी आधीच ओळखलं. मला वाटलं, मामा गेले. मामांचं वय झालेलं, दम्यानं बेजार, त्यांच्यासाठी माझं मन कधीचं तयार होतं. मामी म्हणाल्या, "सेतु गेला." आणि मी काय विचारावं? "कुठे गेला?" असं विचारलं मी. तिकडे एसटीडीचं मीटर पडत होतं, आणि माझ्या हातावरची कणीक वाळत होती.

सेतुमाधव माझा मामेभाऊ. माझ्याहून लहान, म्हणून मी त्याची अक्का. वय तिशीच्या जरासं पुढे. तंजावूरच्या एका इंग्रजी शाळेत तो मुलांना प्रार्थना आणि कीबोर्ड शिकवायचा. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, ताप डोक्यात गेला, आणि संपलं. मागे मामा-मामी, बायको सुगुणा आणि अजून शाळेचं तोंडही न पाहिलेली मुलगी. ह्या पुरवणीच्या वाचकांना त्याचं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नाही. एकदाच, देशाची दारं उघडली, नवनव्या कंपन्या आल्या, त्या दिवसांत त्याचं नाव इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आलं होतं, एका बक्षिसासाठी. ते बक्षीस मिळालं नसतं तर सेतु सुखात जगला असता असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायला बसले आहे.

आधी आमच्याविषयी थोडं. मराठ्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत उतरलेली आमची घरं. बाहेर तमिळ, घरात मराठी; पण ती अशी मराठी की लग्न होऊन पुण्यात आल्यावर वाण्याच्या दुकानात मी "साखर आहे कीं?" विचारलं तर लोक वळून बघायचे. माझी मुलं म्हणतात, आई, पेशवाईतलं बोलू नकोस. मामा व्हायोलिन वाजवायचे, आमच्याकडच्या पद्धतीनं, मांडी घालून, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून. सेतुला त्यांनीच शिकवलं. पोरगा भित्रा होता. देवळातल्या हत्तीला भ्यायचा, शाळेतल्या इन्स्पेक्टरला भ्यायचा, न्हाव्याच्या वस्तऱ्याला तर इतका भ्यायचा की मामी स्वतः कात्रीनं त्याचे केस कापायच्या आणि वर्गात त्याची चेष्टा व्हायची. मीही करायचे. पण वाद्य हातात आलं की ह्या भित्र्याला काय व्हायचं कोण जाणे, मामांनासुद्धा तो अडवायचा, "असें कां? तसें कां न्हवे?"

आणि ह्या 'कां'पायीच तो देवसहायम मास्तरांकडे जायला लागला. मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. पाच रेघांवर टिंबं काढून संगीत लिहायची विद्या त्यांच्याकडे होती. मामांना ते पटलं नव्हतं. "कागदावरचें गाणें म्हणजे चित्रांतलें जेवण," म्हणायचे. पण त्यांनी अडवलं नाही. सेतु रोज संध्याकाळी सायकल काढून जायचा आणि बोटांना शाई लावून परत यायचा. एका वर्षात तो एकाच वेळी चालणारे चार आवाज वेगवेगळे लिहायला शिकला. तंबोऱ्याऐवजी चार माणसं एकमेकांशी बोलतायत, असं संगीत त्याला डोक्यात ऐकू यायचं. मला समजावताना त्याचे डोळे असे चमकायचे की मी हो हो म्हणायचे. कळायचं काही नाही.

ज्या वर्षी आमच्या गल्लीत केबल आली त्याच वर्षी मास्तरांनी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून आणली. एका नव्या कंपनीनं ठेवलेलं, तरुण रचनाकारांसाठीचं बक्षीस. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, म्हणजे व्हायोलिनचीच दोन मोठी भावंडं, एवढ्या चार वाद्यांसाठी, खोलीत बसून ऐकावी अशी नवी रचना पाठवायची. शेवटच्या फेरीत निवडलेल्या रचना मद्रासला खरोखर वाजवल्या जाणार. सेतुनं जी रचना केली तिचं नाव 'नवें पाणी'. आमच्याकडे धरणाचं पाणी कालव्यांतून पहिल्यांदा गावाशी येतं तो दिवस सणासारखा. बायका पाण्यात फुलं सोडतात, पोरं काठानं पाण्याबरोबर पळतात. त्या आनंदाची रचना, आणि म्हणून राग आनंदभैरवी. नावावरून गैरसमज नको, हिंदुस्थानी भैरवीशी तिचं काही नातं नाही. लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून जी गाणी म्हणतात ती आमच्याकडे बहुधा ह्याच रागातली. त्यातला गांधार कधी एका जागी उभाच राहत नाही, मध्यमाकडे झुलतो, परत येतो, पुन्हा झुलतो. त्या झुलण्यातच सगळा आनंद. मास्तरांनी कागद तपासले, ऑर्गनवर बसून मान डोलावली, एक मात्रा इकडची तिकडे केली आणि म्हणाले, एकही चूक नाही. खरोखरच एकही चूक नव्हती.

मद्रासला त्याच्याबरोबर मी गेले. मामींचा हट्ट, एकटा गेला तर वाटेत उतरून परत येईल. कोणाची रचना कोणती हे परीक्षकांना कळू नये म्हणून रचनाकारांना तालमीला बोलावलं नव्हतं. थेट त्या दिवशीच ऐकायचं. सभागृह वातानुकूलित, मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी गारठले. व्यासपीठामागे कंपनीचा मोठा निळा फलक. मुंबईहून आलेले चार वादक काळ्या कपड्यांत खुर्च्यांवर बसले, आणि सेतुच्या रचनेची पाळी आली. आधी चेलोचा खालचा लांब षड्ज. मग त्यावर पहिल्या व्हायोलिनचा गांधार. तो गांधार आला आणि उभा राहिला. मला वाटलं, वादक सूर लावून बघतोय, आता हलवेल… नाही हलवला. भिंतीत खिळा ठोकावा तसा तो सूर ठोकलेला, सरळ, लांबच लांब. मग मध्यम, तोही तसाच. मी सेतुकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. माझं मनगट धरून तो म्हणाला, "अक्का, हें माझें न्हवे."

चूक कोणाची म्हणायची? आमच्याकडे स्वर लिहिताना 'ग' लिहितात, बस. तो कसा हलवायचा हे कोणी लिहीत नाही. भात लिहिला की शिजलेला भात हे सांगावं लागतं का? सेतुनं पाच रेघांवरही तसंच केलं. टिंब काढलं, लांबी लिहिली, आणि हलणं मनात धरलं. मास्तर चर्चमधले खरे, पण तेही तंजावूरचेच. त्यांनीही ते टिंब वाचलं आणि त्यांच्याही कानात ते आपोआप झुललं. ह्या गावात जन्मलेल्या दोन माणसांनी तपासून पाठवलेला बिनचूक कागद मुंबईच्या वादकांनी जसाच्या तसा वाजवला. हलण्यासाठी ठेवलेल्या लांब लांब जागा रिकाम्या राहिल्या. त्या रिकाम्या जागांतून जे ऐकू येत होतं… मला कबूल करायला हवं, मी घाबरले. ते वाईट नव्हतं. पाण्याची वाट बघत कोरड्या कालव्यात कोणी उभं आहे आणि पाणी येणार नाही हे त्याला ठाऊक आहे, असं काहीतरी होतं ते. धरणाचं पाणी सोडतील की नाही, ही धास्ती त्या वर्षांत आमच्याकडे प्रत्येक घरात होतीच. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी चारी वाद्यं खालच्या षड्जावर येऊन थांबली तेव्हा टाळ्याही जरा उशिरानं पडल्या.

बक्षीस सेतुला. परीक्षकांपैकी पांढऱ्या केसांच्या एक बाई परदेशातून आल्या होत्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या, ह्या रचनेत खरी भीती आहे, आणि इतक्या कमी सुरांत ती मांडायचं धाडस ह्या वयात कुठून आलं, ते ह्या तरुणानं आम्हाला सांगावं. सेतुच्या हातात माईक दिला. मी खाली बसून मनात म्हणत होते, बोल, काहीतरी बोल, नाहीतर खरं तरी बोल. तो 'थँक्यू' म्हणाला आणि माईक परत देताना त्याच्या हातून पडला. सगळे हसले, मायेनं हसले. एवढंच त्याचं भाषण. परतीची बस अर्ध्या वाटेवर विळुप्पुरमला थांबली. तिथे सेतु म्हणाला, "चोरी झाली कीं गो." मी म्हटलं, कोणाचं चोरलंस तू? लिहिलं तूच, सही तुझी. "तेंच तर कळेना," म्हणाला, "कोणाचें चोरलें म्हणून परत द्यायचें?"

तंजावूरला स्टँडवरच हार. शाळेच्या मुख्याध्यापकांनी घरी येऊन सत्कार केला, शेजारच्या बायकांनी दृष्ट काढली. आणि मग सगळ्यांना मद्रासहून मिळालेली त्या रचनेची कॅसेट ऐकायची होती. सेतु आज देतो, उद्या देतो करत राहिला. टेप अडकते म्हणाला, टेपरेकॉर्डरचं हेड बिघडलंय म्हणाला. बाकीच्यांनी ते मानलं, पण मामांना कोण थोपवणार? एका दुपारी त्यांनी स्वतःच कॅसेट शोधली आणि लावली. मी आणि मामी स्वयंपाकघरात होतो, सेतु दाराच्या चौकटीला टेकून उभा. तो तेव्हा जसा उभा होता तसं मी पुढे फक्त दवाखान्याच्या बाहेर माणसांना उभं राहिलेलं पाहिलं आहे. मामांनी पूर्ण ऐकलं. डोळे मिटून, बोटांनी ताल धरून. संपल्यावर कॅसेट काढून डबीत घातली आणि एवढंच विचारलं, "कोण वारलें रे ह्यांत?" रागानं नाही, खरंच कळेना म्हणून. सेतु मागच्या अंगणात गेला.

इथवर झालं ते निभावलं असतं. पण बक्षिसाची एक अट होती. वर्षाच्या आत त्याच चार वादकांसाठी दुसरी रचना द्यायची, ती ते देशभर वाजवणार. पहिल्या रचनेवर लोक 'भीती, भीती' म्हणत होते. आता दुसरी आली की कळणार होतं की ती भीती ह्याची की चुकून सांडलेली. सेतुनं सुरुवात केली. आधी सगळे झुलणारे सूर नीट लिहून काढायचं ठरवलं. प्रत्येक हलण्याला बारीक टिंबं, बाण, वळसे. कागद मुंग्या लागल्यासारखा काळा झाला. एक पान मुंबईला पाठवलं तर वादकांचा निरोप आला की हे वाजवायला एका हाताला आणखी पाच बोटं लागतील. मग सरळ लिहायला बसला. तेही जमेना. माझं लग्न ठरलं होतं, मी मामींकडे शेवया करायला गेले होते, तर गच्चीवर मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, सरळ लिहूं तर मला ऐकूं येत नाहीं, हलवून लिहूं तर त्यांना वाचतां येत नाहीं. मीं काय करूं?" मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघून मिटलं. त्याचा खालचा ओठ लहानपणी न्हावी दिसल्यावर व्हायचा तसा झाला होता.

मुदत गेली. आधी पत्रं आली, मग कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये फोन यायला लागले. बूथवाला सायकलवरून हाक मारत यायचा, "सेतु सार, बॉम्बे कॉल!" आणि सेतु गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचा. ह्यातलं काही मी पाहिलं, काही मामींनी पुण्याला फोनवर सांगितलं. नंतर फोन बंद झाले. कंपनीनं पुढे ते बक्षीसही बंद केलं, क्रिकेटला पैसे द्यायला लागली. पण सेतुची भीती काही त्यांच्याबरोबर बंद झाली नाही. दारात पोस्टमन दिसला की त्याला वाटायचं, आता विचारतील. शाळेत कोणी नवा मास्तर आला आणि "तुम्हांला ते बक्षीस मिळालं होतं ना?" म्हणाला की घरी येऊन न जेवता झोपायचा. त्यानं व्हायोलिन मामांच्या पेटीत ठेवून दिलं. लग्न झालं, मुलगी झाली, चार माणसांसारखा संसार केला. दोन वर्षांपूर्वी मी माहेरी गेले तेव्हा आम्ही कालव्याच्या पुलावर बसलो होतो. पाणी होतं त्या वर्षी. मी धीर करून विचारलं, "अजून भितोस का रे?" तो हसला. म्हणाला, "लोकांना नाहीं भीत आतां. ती रचना माझी नसेल ह्याला भितों. आणि माझी असेल तर… त्याला जास्त भितों." हे आमचं शेवटचं नीट बोलणं. मला तेव्हा त्याचा राग आला होता. माणसानं इतकं काय त्या एका गोष्टीला धरून बसायचं, असं वाटलं होतं.

सेतुचे दिवस होऊन गेल्यावर मी तंजावूरला गेले. मामा अंथरुणावर, मामी कोणाशी बोलत नव्हत्या. घर सुगुणा चालवत होती. ती कुंभकोणमकडची, आमच्यातलीच, घरात थोडं गाणं शिकलेली, अबोल पोर. दुसऱ्या दिवशी तिला सेतुच्या शाळेत बोलावलं होतं, त्याच्या जागी लहान मुलांच्या वर्गावर घेता येईल का ते बघायला. आदल्या सकाळी ती स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि मी कॉफीचा पेला घेऊन आत चालले होते. दारातच थांबले. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. खालचा षड्ज, मग गांधार… आणि गांधार सरळ. लांबच लांब, सरळ.

"हें कोठलें गो?" मी विचारलं. ती दचकली, ओशाळली. म्हणाली, "ह्यांचें. ह्यांना भ्या वाटलें कीं हें म्हणत. माझ्या बाळंतपणाला दवाखान्यांत रात्रभर हेंच म्हणाले, नर्स ओरडली. उद्यां शाळेंत जायचें आहे न्हवे, मलाही भ्या वाटतें, म्हणून आपोआप तोंडीं आलें." कॅसेट तिनं कधी ऐकली नव्हती. असली एखादी कॅसेट आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. "मीं विचारलें होतें एकदां," ती म्हणाली, "गमक कोठें, सूर हलवणें कोठें ह्यांत? असें कसें पाट्टु, असें कोठें गाणें असतें? तर म्हणाले, हें असेंच आहे. दुसऱ्यांचा आवाज भ्याल्यावर कांपतो, अक्का. ह्यांचा सरळ व्हायचा."

मी तिथेच पाटावर बसले. म्हटलं, पूर्ण म्हण. ती म्हणायला लागली. 'नवें पाणी' मला पाठ आहे, दोनदाच ऐकलेलं असलं तरी. ते कुठे वळतं, कुठे थांबतं, सगळं. शेवटच्या खालच्या षड्जावर ती आली आणि मी डोळे पुसायला पदर घेतला… पण ती थांबली नाही. तिथून तिनं पुन्हा वर उचललं. पुढे जे आलं ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. मद्रासच्या त्या सभागृहात नव्हतं, कॅसेटमध्ये नव्हतं, कुठल्याच कागदावर नव्हतं. तसेच सरळ, उभे सूर, पण आता पाणी येत होतं. कोरड्या कालव्यात लांबून, हळूहळू, खरोखर येत होतं. मी विचारलं, "हें पुढचें कधींचें?" सुगुणाला प्रश्नच कळला नाही. "पुढचें काय त्यांत? सगळें एकच आहे कीं. दर वर्षीं थोडें थोडें वाढायचें."

म्हणजे त्यानं दिली होती दुसरी रचना. वर्षाच्या आत नाही, त्या चौघांना नाही. पण केली होती, आणि सरळच केली होती. आणि ती आता ह्या एका बाईच्या गळ्यात होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. मला अशी भीती वाटली की तशी मामींच्या त्या फोननंसुद्धा वाटली नव्हती. कागद-पेन्सिल घ्यायला उठले. स्वराक्षरं मला येतात, 'ग' मी लिहू शकते. पण आमच्या लिहिण्यात 'हा हलत नाही' अशी खूणच नाही. शेजारून टेपरेकॉर्डर आणावा म्हणून दाराशी गेले आणि परत फिरले, कारण सुगुणा माझ्यासाठी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागली होती. आता तिला कळलं होतं की हे कोणीतरी ऐकतंय, महत्त्वाचं आहे. गळा साफ करून, नीट मांडी घालून, शिकवलेल्या मुलीसारखी ती गात होती. षड्ज लागला. गांधारावर आली, आणि तो गांधार कळेल न कळेलसा हलला.

"हलवूं नको," मी ओरडलेच. "सुगुणा, हलवूं नको गो… सरळ म्हण."